लायसन काढलं

आमच्याकडं लायसन काढतात. सातबारा काढावा, फोटो काढावा, उत्पन्नाचा दाखला काढावा, तसं लायसन काढतात. पोरगं दहावी झालं की आपण म्हणतो, 'पास झालं.' लायसनच्या बाबतीत 'मी पास झालो' असं म्हणणारा माणूस आमच्या दुधनेकाठच्या गावांत मला अजून भेटायचा आहे. 'कितीत काढलं?' हा पहिला प्रश्न. 'कोणाकडून काढलं?' हा दुसरा. 'परीक्षेत काय करायला लावलं?' असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर लोक हसतील.

मी तीसेक वर्षं मास्तरकी केली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक म्हणून. दहावीच्या परीक्षेला खिडकीवर चढून चिठ्ठ्या टाकणारे बाप, मामे, चुलते मी हाकलून लावले आहेत. कॉपीमुक्तीच्या शपथा पोरांना दिल्या आहेत. आणि माझं स्वतःचं लायसन मी काढलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाही तर पुढं मी जे बोलणार आहे ते ऐकून कोणीतरी म्हणणारच, 'सर, आधी तुमचं सांगा की.'

तर माझंच सांगतो. 1993 साली मी नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात होतो. कोणत्या, ते सांगत नाही. कोणत्याही जिल्ह्यात हेच झालं असतं. हप्त्यावर मोटरसायकल घेतली होती आणि पोलिसानं दोनदा अडवलं होतं. कार्यालयाच्या भिंतीला लागून लिंबाच्या झाडाखाली पत्र्याच्या टेबलांची रांग होती. एका टेबलावरच्या माणसानं मला लांबूनच ओळखलं. "गुरुजी, तुम्ही कशाला उन्हात उभे राहता? इथं, इथं अन् इथं सही करा आणि शाळेत जा." मी तीन सह्या केल्या, फोटो दिले, पैसे दिले आणि खरंच शाळेत गेलो. तासाला वेळेवर पोचलो याचं समाधानही वाटलं. पंधरा दिवसांनी लायसन हातात आलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

त्या अर्जावर मला काय काय विचारलेलं होतं ते मी वाचलंच नव्हतं. खुणा त्या टेबलवाल्यानं केल्या होत्या. मला आठचा आकडा काढून दाखवता येतो का, हे कोणी पाहिलं नाही. येत नव्हता. महिन्याभरात वळणावरच्या खडीत गाडी घसरली आणि मागं बसलेल्या बायकोचं मनगट मोडलं. गावात सांगितलं, कुत्रं आडवं आलं. आजही आमच्या सोयऱ्या-धायऱ्यांत ती गोष्ट कुत्र्याच्याच नावावर आहे.

इथवर ऐकलं तर कोणीही म्हणेल, 'हे सगळ्यांचंच आहे, त्यात काय लिहायचं?' माझंही अनेक वर्षं हेच मत होतं. ते का बदललं, ते आता सांगतो.

2008 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत एक तरुण ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. पायातली चप्पल बाहेर काढून आला म्हणून ओळखलं, आपला विद्यार्थी. सहावीतून गेलेला. दसरा झाला की आई-बाप ऊसतोडीला निघायचे, हे लेकरू त्यांच्याबरोबर जायचं, पाडव्याच्या सुमाराला परत यायचं. दोन वर्षं असं झालं आणि तिसऱ्या वर्षी आलंच नाही. पुढं ट्रॅक्टरवर राहिला, मग एका मालकाच्या जीपवर. हात चांगला बसला होता. लोक म्हणायचे, हा डायवर असला की झोप लागते.

"सर, आठवी पासची टीसी पाहिजे."

"अरे, तू सहावीतून गेलास."

"ते मला काय ठाऊक नाही का? पण त्याबगर पॅसेंजर गाडीचं लायसन निघंना. मालक म्हणतो, लायसन आण, न्हाई तर चावी ठेव. सर, मला तिथं जाऊन काय कविता म्हणायच्यात का? गाडी चालवायला आठवी कामून लागती, ते तुम्हीच सांगा."

मला सांगता आलं नाही. खरं म्हणजे कोणालाच सांगता आलं नसतं. वाहतुकीच्या गाड्यांचं, म्हणजे ट्रक, बस, टॅक्सीचं लायसन पाहिजे तर माणूस किमान आठवी पास असावा, अशी अट तेव्हा केंद्राच्या मोटार वाहन नियमांत होती. ज्या मुलखात निम्मं वर्ष पोरांचे वर्ग ओस पडतात, तिथल्या पोराला शाळेनं सहावीत सोडून दिलं आणि रस्त्यानं आठवीचा दाखला मागितला. ही अट अन्यायाचीच होती. सरकारलाही ते उशिरा का होईना पटलं, आणि 2019 साली ती काढून टाकण्यात आली.

पण आम्ही बोलत होतो 2008 साली. मी कोरा दाखला काढला, भरला, सही केली, गोल शिक्का मारला. दाखल-खारीज रजिस्टरला हात लावला नाही. तेवढी अक्कल शाबूत होती, की भीती, देव जाणे. पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले नाहीत म्हणून मला ते पुण्यकर्म वाटलं. आठवड्यानं मोसंबीची एक पिशवी घरी आली, ती तेवढी ठेवून घेतली.

आता यातली खरी गोष्ट. हा पोरगा पाचवीत असताना पहिल्या बाकावर बसायचा आणि मान तिरपी करून फळा बघायचा. मी एकदा रागावलो, तेव्हा त्याची आई शाळेत आली. लहानपणी शेतात पऱ्हाट्या उपटताना एक खुंट उजव्या डोळ्यात गेलं होतं. त्या डोळ्यानं त्याला धूसर दिसायचं, दिवस मावळला की तेवढंही नाही. म्हणून तो पहिल्या बाकावर होता. मीच त्याला तिथं बसवलं होतं.

दाखल्यावर सही करताना हे मला आठवलं नाही, असं लिहिलं तर सोपं जाईल. पण आठवलं होतं. मी मनाला म्हटलं, डोळा बघायचं काम माझं नाही, डॉक्टरचं आहे. मी फक्त आठवीपुरता.

डॉक्टरचं काय झालं ते नंतर कळलं. लायसनच्या अर्जाबरोबर प्रकृतीचं प्रतिज्ञापत्र असतं. त्यात सरळ विचारलेलं आहे: चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीच्या नंबरची पाटी प्रत्येक डोळ्यानं ओळखता येते का? दोन्ही डोळे मिळून नव्हे, प्रत्येक डोळ्यानं. तांबडा आणि हिरवा रंग वेगळा कळतो का? रातांधळेपणा आहे का? वाहतुकीच्या गाडीसाठी डॉक्टरनं स्वतः तपासून दाखला द्यायचा असतो. त्या पोराचा दाखला एजंटाच्या पिशवीत आधीच सही-शिक्क्यासह तयार होता, फक्त नाव टाकायचं बाकी होतं. डॉक्टरनं धरून चाललं की पुढं साहेब गाडी चालवून बघणारच आहेत. साहेबानं धरून चाललं की डॉक्टरनं तपासलं आहे. आणि मी धरून चाललो की ते दोघं आहेत.

2011 च्या हिवाळ्यात दिवे लागायच्या वेळेला त्याच्या जीपनं एका दूधवाल्याला उडवलं. मंठ्याकडून येणारा रस्ता, पुढं उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना रेडियम. ह्यानं ट्रॉलीला बाजू मारायला उजवीकडं गाडी काढली. समोरून मोटरसायकलवर दोन कॅन लावून दूधवाला येत होता. जागेवर गेला. चाळिशीचा माणूस. त्याची मुलगी आमच्याच शाळेत नववीला होती.

डोळ्यामुळंच झालं का? मला सांगता येणार नाही. त्या अंधारात दोन्ही डोळे धड असलेल्या माणसाकडूनही झालं असतं. ट्रॉलीला मागं दिवा असता तर कदाचित झालं नसतं. मी न्यायाधीश नाही. मला एवढंच माहीत आहे की त्याच्या डोळ्यावरून तीन कागद गेले, तिन्हींवर शिक्के होते, आणि डोळा कोणीच बघितला नाही. ज्यानं बघितला होता त्या माणसानं पहिला शिक्का मारला.

पुढच्या वर्षी विमा कंपनीचा माणूस शाळेत आला. नुकसानभरपाईचा दावा चालू होता आणि कंपनीला पैसे द्यायचे नव्हते. त्यानं दाखल्याची झेरॉक्स टेबलावर ठेवली. रजिस्टर मागितलं. रजिस्टरात सहावी. झेरॉक्सवर आठवी. "सर, ही सही तुमचीच का?"

मी म्हणालो, "आठवत नाही. रोज शंभर सह्या होतात."

त्यानं तेवढंच लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलानं त्यावरून हरकत घेतली, लायसनच लबाडीचं म्हणून. तारखांवर तारखा पडल्या. मला कोर्टात कधी बोलावणं आलं नाही, कारण चार-पाच वर्षांनी त्या बाईनं थकून लोकअदालतीत तडजोड केली आणि मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी रकमेवर अंगठा दिला. मुलगी दहावीला बसलीच नाही. बाप गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. वय काय होतं ते मला विचारू नका, रजिस्टरात आहे.

आता आठवतंय. सही माझीच होती.

डायवर सहा महिने घरात बसला, मग जालन्याला एका सळईच्या कारखान्यात हमालीला लागला. मी रिटायर झाल्यावर एकदा स्टँडवर भेटला. चहा पाजला त्यानंच. म्हणाला, "सर, तव्हा तुम्ही नाही म्हणले असते तर बरं झालं असतं." मला राग आला. मनात म्हटलं, लेका, हातापाया तूच पडला होतास. घरी येईपर्यंत राग उतरला. मास्तरचं काम कोणतं असतं? पोरगं मागंल ते देणं, का?

आता वादाचं बोलू. हे सगळं मी पारावर, लग्नात, एसटीत अनेकदा बोललो आहे आणि मला उत्तरंही तीच ती मिळाली आहेत. एकेक घेतो.

पहिलं उत्तर: 'चालवता येतं ना? मग परीक्षा कशाला?' चालवता येतं हे आपलं आपणच ठरवलेलं असतं. मलाही 1993 साली येत होतं, बायकोच्या मनगटाला विचारा. दिल्लीत परदेशातल्या आणि आपल्याकडच्या अभ्यासकांनी मिळून एक पाहणी केली होती, 2007 साली ती अर्थशास्त्राच्या एका नामांकित त्रैमासिकात छापून आली. 822 लोक लायसन काढायला निघाले होते, त्यांच्यावर त्यांनी लक्ष ठेवलं. ज्यांना लायसन मिळालं त्यांच्यापैकी सुमारे 71 टक्के लोकांनी परीक्षा दिलीच नव्हती. मग अभ्यासकांनी स्वतः त्यांची गाडी चालवून घेतली, तर 62 टक्क्यांना धड चालवता येत नव्हतं. सरकारी फी 450 रुपये होती, लोकांनी सरासरी 1,120 मोजले होते. म्हणजे आपण अडीचपट पैसे देऊन काय विकत घेतो? न शिकण्याची सूट.

दुसरं उत्तर: 'सरळ गेलं की मुद्दाम नापास करतात.' हे खरं आहे, आणि हे मी मान खाली घालून मान्य करतो. त्याच पाहणीत हेही दिसलं की एजंटाशिवाय जाणाऱ्याला, चालवता येवो न येवो, वाटेल तसं नापास केलं जात होतं. पुन्हा या, पुन्हा या, म्हणजे माणूस आपोआप लिंबाखालच्या टेबलाकडं वळतो. आमच्या भागातून जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं तिकीट लागतं, आणि कागद कमी पडला तर सगळं पाण्यात. ज्याचं हातावर पोट आहे त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणू की तीन चकरा मार? ते सरकारला म्हणायला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी कार्यालयाचे कॅम्प होतात ते वाढवा, त्यांच्या तारखा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, नापास केलं तर कशात केलं ते लिहून द्या. ही मागणी घेऊन मोर्चा निघाला तर या वयात मी पुढं चालेन. पण असा मोर्चा निघत नाही. निघणार कसा? ज्याला आवाज करता येतो, त्या मास्तराचं, पुढाऱ्याचं, बागायतदाराचं काम टेबलावर झालेलं असतं. सरळ मार्गाच्या रांगेत फक्त तोच उरतो ज्याच्याकडं टेबलावर टाकायला पैसे नाहीत. आपण पैसे देतो आणि त्याची रांग आणखी लांब करतो.

तिसरं उत्तर, आणि हेच सगळ्यात अवघड: 'नियमच मूर्खपणाचा असला तर मोडायचा नाही का?' आठवीची अट मूर्खपणाची होती, हे मी वर म्हटलंच आहे. पण त्या दिवशी काय झालं बघा. आठवीचा खोटा दाखला आणि डोळ्याचा खोटा दाखला एकाच पाकिटात गेला. मूर्ख अट आणि शहाणी अट, दोन्हींना आम्ही एकाच शिक्क्यानं फसवलं. लबाडीचा हा गुण आहे, ती निवडून करता येत नाही. माणसाला एकदा सवय लागली की कोणता कागद म्हणजे नुसता अडथळा आणि कोणत्या कागदाच्या मागं एखाद्याचा जीव आहे, हे बघायची त्याची ताकद जाते. सरकारनं 2019 साली आठवीची अट काढली. 25 मीटरवरून दिसलं पाहिजे ही अट कोणतं सरकार काढील? आणि मी खोटा दाखला द्यायच्या ऐवजी शिक्षक संघटनेकडून, आमदाराकडून त्या अटीविरुद्ध एक तरी निवेदन दिलं होतं का? नाही. खोटा दाखला पाच मिनिटांत होतो. खोट्या दाखल्यांनीच ती मूर्ख अट इतकी वर्षं जगवली. सगळ्यांचं काम भागत होतं, मग अट बदला म्हणून ओरडणार कोण?

चौथं उत्तर: 'यात गुन्हा कसला? सगळे करतात.' तर कायदा ऐकून ठेवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 प्रमाणं, फसवून किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन रद्द करता येतं. कलम 182 प्रमाणं, लायसनला अपात्र ठरवलेला माणूस गाडी चालवील, लायसनला अर्ज करील किंवा ते मिळवील, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि ते लायसन कुचकामी. खोटा दाखला बनवणं आणि तो खोटा आहे हे माहीत असून वापरणं, हे जुन्या दंड संहितेतही गुन्हे होते आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या न्याय संहितेतही आहेत. म्हणजे त्या ऑफिसात त्या दुपारी गुन्हेगार दोन होते, आणि त्यातल्या एकाच्या मागं भिंतीवर साने गुरुजींचा फोटो होता.

गाडीमालकांनीही ऐकावं. सुप्रीम कोर्टानं 2001 सालीच सांगून ठेवलं आहे की मुळात बनावट असलेलं लायसन पुढं कितीही वेळा नूतनीकरण करून आणलं तरी ते खरं होत नाही. 2004 साली स्वर्णसिंगच्या खटल्यात कोर्टानं असं धरलं की मेलेल्याच्या घरच्यांना विमा कंपनीनं पैसे द्यावेत, पण मालकानं जाणूनबुजून हयगय केली हे सिद्ध झालं तर ते मालकाकडून वसूल करता येतील. जीप गेली, शेत गेलं, अशी वेळ एका लायसनवरून येऊ शकते. 'डायवर चांगला आहे' एवढ्यावर चावी देणाऱ्या आपल्या भागातल्या किती मालकांना हे माहीत आहे?

आणि 'सगळे करतात' याचा हिशेब काय होतो? 2019 साली नितीन गडकरी यांनी मंत्री म्हणून लोकसभेत सांगितलं की देशातली 30 टक्के लायसनं बोगस आहेत. विरोधकांनी केलेला हा आरोप नव्हता, खात्याचा मंत्रीच ते कबूल करत होता. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. ती सगळी बोगस लायसनांनी मारली, असं मी म्हणत नाही. रस्ते वाईट आहेत, ट्रॉलीला दिवे नाहीत, दारू आहे, समृद्धी महामार्गावर झोपेत चालवणारे आहेत. पण या सगळ्यांतून वाचवायला जो माणूस चाकावर बसलेला असतो, त्याला आपण न बघता बसवलेलं असतं.

शहरातल्या वाचकांनी हे वाचून 'खेड्यात असंच चालतं' म्हणून मान हलवू नये. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात, कल्याणीनगरात, सतरा वर्षांच्या मुलानं महागड्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर मारले. त्याच्याकडं तर लबाडीचंही लायसन नव्हतं, आणि पहिल्या दिवशी त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. कायदा म्हणतो, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. आमच्याकडं नववीतलं पोरगं बुलेटवर शाळेत येतं आणि बाप फाटकाशी उभा राहून कौतुकानं बघतो. पुण्यात काय नि मंठ्यात काय, बाप तोच.

आता टेबलं लिंबाखालून उठली आहेत. 2021 पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसनची परीक्षा घरी बसून संगणकावर, फोनवर देता येते. गरिबाची चक्कर वाचावी म्हणून केलेली ही सोय चांगली आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. पण मागच्या वर्षी भाच्याचं पोरगं स्टँडवरच्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातून दहा मिनिटांत परत आलं. म्हटलं, "प्रश्न काय आले रे?" म्हणालं, "आबा, मला काय माहीत? दुकानवाल्या दादानं क्लिक केलं. मी नुसता कॅमेऱ्यासमोर बसलो." मी म्हटलं, "आठ दिवसांत पुस्तक वाच आणि मला उत्तरं दे, तोवर गाडीची चावी माझ्याकडं." त्याची आई माझ्यावर आठ दिवस रुसली होती. पोरानं चौदा दिवस घेतले. आधी त्याला हेही ठाऊक नव्हतं की अरुंद पुलावर आधी कोणी जायचं.

माझ्याही लायसनची मुदत संपत आली होती. त्याच दुकानात गेलो. या वयात नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. दुकानवाला म्हणाला, "सर, फॉर्म ठेवा, दाखला मी लावतो." मी म्हटलं, "डॉक्टरला मला बघू दे की." तो हसला. "सर, तुम्हाला लायसन काढायचंय का डोळे तपासायचेत?"

मी जालन्याला गेलो आणि डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आला होता. मला वाटत होतं, रस्त्यावरचे दिवेच हल्ली मंद लावतात. डॉक्टरनं पाटी दाखवली. डाव्या डोळ्यानं वाचली. मग डावा झाकून उजव्यानं वाचायला सांगितली. मी नकळत मान तिरपी केली.

ऑपरेशन होईपर्यंत गाडी भाच्याच्या पोराच्या हाती दिली आहे. बाजारला जायचं तर मी मागच्या सीटवर बसतो. दिवे लागायच्या आत घरी चल म्हणतो. ते कुरकुर करतं, पण चालतं.